बरी दिसते म्हणजे बरी झाली असं नाही : सुकटच्या ऑपरेशननंतरचे अठरा दिवस

आजचा एपिसोड जरा वेगळा आहे. पाहुणे नाहीत, मुलाखत नाही, मी एकटीच बोलणार आहे. आणि बोलणार आहे एका मांजरीबद्दल. ज्यांच्या घरी मांजर नाही त्यांनी लगेच पुढचा एपिसोड लावू नका. कारण ही गोष्ट शेवटी फक्त मांजराची राहिली नाही.

तर आमच्या रोह्याच्या घरी सुकट आहे. सुकट म्हणजे खायची नाही हं, मांजरीचं नाव सुकट. सापडली तेव्हा अगदी वाळलेली होती, आणि आजी बोलली, "ही काय मांजर आहे, सुकट आहे नुसती." तेच नाव पडलं. आता ती दोन वर्षांची आहे आणि वजन दोन किलो आठशे ग्रॅम, म्हणजे नावाला अजिबात शोभत नाही.

या दोन वर्षांत ती दोनदा व्याली. पहिल्या वेळी चार पिल्लं झाली. महिन्याभरात एकच उरलं. एक बोक्यानं मारलं, एक गाडीखाली गेलं, एक पावसात गारठून गेलं. ते पावसातलं मी सकाळी उचललं होतं, ते मी विसरू शकत नाही. दुसऱ्या वेळी तीन झाली. त्यांना घरं शोधता शोधता माझ्या तोंडाला फेस आला. व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवून ठेवून लोकांनी मला म्यूट केलं. शेवटचं पिल्लू जूनमध्ये गेलं आणि त्याच आठवड्यात रात्री कौलांवर बोका ओरडायला लागला.

आता थोडं गणित. मांजर साधारण चार ते सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गाभण राहिली की नऊ आठवड्यांत पिल्लं. आणि पिल्लं अंगावर पीत असतानासुद्धा ती पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे "एकदा होऊ दे, मग बघू" हे चालत नाही. आपण बघेपर्यंत दुसरी वेळ आलेली असते.

म्हणून ठरवलं, ऑपरेशन करायचं.

आजीला पटलं नाही. ती म्हणाली, "मुकं जनावर आहे. तिनं काय तुला सांगितलं, माझी पिशवी काढ म्हणून?" माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. खरं सांगू, अजूनही पूर्ण उत्तर नाही. मी एवढंच म्हटलं, "आजी, मेलेलं पिल्लू उचलायला पण तिनं सांगितलं नव्हतं. मीच उचललं." आजी गप्प बसली. पण पटलं नव्हतं हे कळत होतं.

माझी मावशी पेणला राहते. तिच्या मांजरीचं ऑपरेशन ज्या डॉक्टरांनी केलं होतं त्यांच्याकडेच आम्ही जुलैमधला एक शुक्रवार घेतला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आदल्या रात्रीपासून खायला द्यायचं नाही. कारण भूल दिल्यावर उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतू शकतं. लहान पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्यांची साखर कमी होते. म्हणून किती तास उपाशी ठेवायचं हे आपल्या डॉक्टरांनाच विचारायचं, माझ्या पॉडकास्टला नाही.

मामेभावाच्या गाडीतून निघालो. रोहा, भिसे खिंड, नागोठणं, वडखळ, पेण. ज्यांनी पावसाळ्यात हा प्रवास केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. जाताना सुकट पूर्ण रस्ताभर ओरडत होती. मला वाटलं, येताना तरी ओरडेल का?

ऑपरेशन चालू असताना मी मावशीकडे बसले. तिच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे. जुलै म्हणजे पेणला सगळीकडे पांढऱ्या मूर्ती, वाळत ठेवलेल्या, अजून रंग नाही, डोळे नाहीत. पेणची डोळ्यांची आखणी प्रसिद्ध आहे, ती सगळ्यात शेवटी होते. मी त्या बिनडोळ्यांच्या मूर्ती बघत बसले होते आणि दर पाच मिनिटांनी फोन बघत होते.

फोन आला. झालं. डॉक्टरांनी दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय काढलं होतं. काही डॉक्टर पोटाच्या मधोमध छेद देतात, काही कुशीत. सुकटला डाव्या कुशीत होता. केस काढलेला चौकोन आणि मधे इंचभराची शिवण. मी म्हटलं, "एवढंच?" डॉक्टर म्हणाल्या, "बाहेरून एवढंच. आतमध्ये स्नायूला वेगळे टाके आहेत. आणि एक ऐका, माझं काम तासाभरात संपलं. तुमचं आता सुरू झालं."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. कळलं चार दिवसांनी.

पहिला दिवस

सुकटला बघून मी घाबरले. डोळे उघडे, पण बघत काहीच नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून एक पांढरट पडदा अर्ध्यावर आलेला. जीभ किंचित बाहेर. डॉक्टरांनी समजावलं की भुलेत मांजराचे डोळे मिटत नाहीत, म्हणून ते सुकू नयेत यासाठी मलम घालतात. आणि तो पडदा म्हणजे मांजराची तिसरी पापणी, गुंगी उतरली की जाते.

येताना भावाला सांगितलं, गाडी हळू घे. खड्डा आला की मी पेटी दोन्ही हातांनी मांडीवर उचलून धरायचे. भिसे खिंडीच्या वळणांवर तिला फेसाची उलटी झाली. मान थोडी खाली आणि एका बाजूला ठेवली, तोंड पुसलं. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाल्या, गुंगीत एखादी उलटी होते, पुन्हा पुन्हा झाली तर सांगा.

घरी आल्यावरची व्यवस्था सांगते, ही लिहून घेण्यासारखी आहे.

एक, जागा जमिनीवर. पलंग नाही, खुर्ची नाही, खिडकी नाही. गुंगीत तिला वाटतं आपण उडी मारू शकतो, पण पाय ऐकत नाहीत.

दोन, ऊब. भुलेनंतर मांजराचं अंग गार पडतं. मांजराचं तापमान माणसापेक्षा जास्त असतं, साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. आम्ही कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून तिच्याजवळ ठेवली. अंगाला चिकटवून नाही, जवळ. गुंगीतलं जनावर भाजलं तरी सरकू शकत नाही.

तीन, अंधार आणि शांतता. शेजारची पोरं बघायला आली होती, त्यांना परत पाठवलं.

चार, पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय खाणं-पाणी नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेनंतर आधी दोन-चार चमचे पाणी, मग उकडलेल्या चिकनचे दोन तुकडे.

इथे आजीची एन्ट्री झाली. वाटीत हळदीचं दूध घेऊन. म्हणाली, "पोट फाडलंय तिचं, दूध नको?" मी समजावलं की मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दूध पचत नाही, जुलाब होतात. आजीनं ते दूध स्वतः प्यायलं आणि माझ्याशी रात्रभर बोलली नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस

शनिवारी सकाळी सुकट उठली, धडपडत चालली, मुतली. मी आनंदानं आईला हाक मारली, "आई, सुकट मुतली!" शेजारच्या काकींनीही ऐकलं. असो.

तिच्या गळ्यात तो प्लास्टिकचा कोन होता. आजी त्याला नरसाळं म्हणते. नरसाळं घातलेली मांजर हा प्रकार बघायला विनोदी असतो, पण तिच्यासाठी शिक्षाच असते. दाराला आपटते, उलटी उलटी चालते, वाटीत तोंड जात नाही. आम्ही वाटी एका पाटावर ठेवली, म्हणजे कोनाची कड जमिनीला अडत नाही.

तिच्या शी-शूच्या घमेल्यात आम्ही एरवी रेती वापरतो. ती काढली. बारीक रेती, माती, भुसा जखमेला चिकटतो. त्याऐवजी वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून टाकल्या. वडिलांचे महिन्याभराचे पेपर असे कामी आले.

अजून एक. पावसाळ्यात आपण फरशी फिनेलनं पुसतो. ते बंद केलं. फिनेल आणि त्या जातीची जंतुनाशकं मांजराला विषारी असतात. पायाला लागतं, ती पाय चाटते, पोटात जातं. जखमेवरसुद्धा घरातलं जंतुनाशक लावायचं नाही. हळद नाही, खोबरेल तेल नाही, पावडर नाही. डॉक्टरांनी दिलेलं सोडून काही नाही. जखमेला फक्त कोरडं राहायचं असतं. आणि अंघोळ तर अजिबात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कृपया हे नीट ऐका. शनिवारी संध्याकाळी सुकट कुशी आक्रसून बसली होती. दुखत असणार. कुणीतरी अगदी मायेनं म्हणालं, "अर्धी पॅरासिटामॉल पाण्यात घालून दे की, लहान पोरांना देतोच." मंडळी, पॅरासिटामॉलनं मांजर मरतं. आपलं यकृत ज्या पद्धतीनं ते औषध निकामी करतं, ती पद्धत मांजराच्या यकृतात फारच तोकडी आहे. रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. माणसाची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. आयब्युप्रोफेनचंही तसंच, तेही द्यायचं नाही. दुखण्यासाठी डॉक्टरांनी वजनावरून मोजून थेंब दिले होते, तेवढेच दिले. कमी वाटले तर डॉक्टरांना फोन करायचा, घरचा डबा उघडायचा नाही.

रविवारी ती जेवली. सोमवारी अंगणातल्या चिमणीकडे बघून दात कटकटवले. घुरघुरली. माझ्या पायाला अंग घासलं. मी स्टेटस ठेवलं, "आमची वाघीण बरी झाली."

चौथा दिवस

आता माझी चूक सांगते.

मंगळवारी सकाळी पाऊस धो धो होता. सुकट कोन दाराच्या कडेवर घासत होती आणि असं ओरडत होती की काळीज तुटेल. मला वाटलं, बिचारी. चार दिवस स्वतःचं अंग चाटू शकली नाही. मांजराला स्वच्छ राहायला किती लागतं! आणि आता तर बरी आहे. जेवते, खेळते. मी कोन काढला. पाच मिनिटं तिच्याजवळ बसले. तिनं पंजे चाटले, तोंड धुतलं, मग डोळे मिटून पडली. मी अंघोळीला गेले.

पंधरा मिनिटं. जास्तीत जास्त वीस.

बाहेर आले तर ती त्याच जागी बसली होती आणि कुस चाटत होती. शांतपणे, एका लयीत. दोन टाके गेलेले. शिवण मधेच उघडलेली, तांदळाच्या दाण्याएवढी फट, आणि त्यातून गुलाबीसर पाणी.

मांजराची जीभ आठवा. खरखरीत असते ना? तिच्यावर मागे वळलेले बारीक काटे असतात, हाडावरचं मांस खरवडून काढायला. त्या जिभेसमोर दोरा किती टिकणार? शिवाय तोंडातले जंतू थेट जखमेत. "जनावर चाटून जखम बरी करतं" असं आपण म्हणतो, पण टाक्यांच्या बाबतीत ते चाटूनच उघडतं.

मी थरथरत कोन परत घातला. फोटो काढला, पेणच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांनी व्हिडिओ कॉल केला. ओरडल्या नाहीत. एकामागून एक प्रश्न विचारले. आतून काही बाहेर येतंय का? नाही. रक्त टपकतंय का? नाही. ओठ वर करून हिरड्या दाखवा. गुलाबी आहेत, छान. पोट टणक आहे का? नाही. म्हणाल्या, "वरची कातडी उघडली आहे, आतले टाके शाबूत दिसतात. पण आजच बघायला हवं. स्वच्छ गॉज ठेवा, हात लावू नका, घेऊन या."

घेऊन या. पण कसं? सकाळपासून कुंडलिकेचं पाणी वाढत होतं, आणि भावानं फोन करून सांगितलं की नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्याजवळ आलंय. थांबू या, उतरेल. कधी उतरेल? माहीत नाही.

मी रडायला लागले. मला सारखं वाटत होतं, हिला काही झालं तर ते ऑपरेशननं नाही, माझ्या अंघोळीनं झालं.

तेव्हा आजी उठली. हीच आजी, जी ऑपरेशनच्या विरोधात होती. तिनं छत्री घेतली आणि म्हणाली, "चल. आपल्या गावात एक जनावरांचे डॉक्टर होते ना, आता घरीच असतात. त्यांनी आपल्या म्हशीला टाके घातले होते." मी म्हटलं, "आजी, ते गाई-म्हशींचे..." ती म्हणाली, "टाका तो टाकाच."

त्या निवृत्त डॉक्टरांनी आधी पेणच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं. मग जखम तपासली, साफ केली, हलकी गुंगी देऊन दोन टाके पुन्हा घातले. आजीनं सुकटचं डोकं धरलं होतं. निघताना ते म्हणाले, "म्हैस एवढी मोठी, पण टाक्यापर्यंत तिचं तोंड पोचत नाही. मांजराचं सगळीकडे पोचतं. कोन काढायचा नाही, बाय." मी म्हटलं, "नाही काढणार."

त्या रात्री

त्या रात्री लाइट गेले होते. मी आणि आजी सुकटजवळ चटईवर बसलो होतो. मी म्हणत होते, "आजी, ती अगदी बरी दिसत होती गं."

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी पण बरीच दिसत होते."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. तिसरं मूल झाल्यावर तिचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालं होतं, शिबिरात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली असतील. एका दिवसात बऱ्याच बायका होत्या. जीपनं घरी आणून सोडलं. दोन दिवस ती पडून होती. तिसऱ्या दिवशी उठली, भाकऱ्या केल्या. सगळे म्हणाले, बरी झाली. लावणीचे दिवस होते, माणसं मिळत नव्हती. चौथ्या दिवशी ती चिखलात उतरली, वाकून दिवसभर लावणी केली.

"मग?"

"मग काय. टाके पिकले. ताप आला. महिनाभर झिरपत होतं. लुगड्याला चिकटायचं."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगणार? सगळ्यांनाच कामं होती. आणि चालत-फिरत होते ना मी."

मी काहीच बोलू शकले नाही. मी चार दिवस एका मांजरीसाठी पेपर फाडत होते, पाटावर वाटी ठेवत होते, आणि माझ्या आजीच्या टाक्यांना कुणी दोन दिवसांच्या वर सुट्टी दिली नव्हती. आणि त्याच बाईनं पहिल्या दिवशी हळदीचं दूध आणलं होतं. तिला माहीत होतं पोटातले टाके म्हणजे काय ते. घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी तिला समजावत बसले होते. दुधाबद्दल मी बरोबर होते. पण तिला विचारायला मी विसरले होते.

मंडळी, आजच्या एपिसोडमधून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. ऑपरेशननंतर सगळ्यात धोक्याचा दिवस पहिला वाटतो, कारण पेशंट वाईट दिसतो. पण पहिल्या दिवशी आपण सगळे सावध असतो. फसवा असतो तिसरा-चौथा दिवस. गुंगी गेलेली, भूक परत आलेली, चेहरा टवटवीत. आतली जखम मात्र तेव्हा जेमतेम सांधायला लागलेली असते. कातडी सांधायला दहा ते चौदा दिवस लागतात, आतल्या थरांना पूर्ण ताकद यायला त्याहून जास्त. त्यात मांजर तर दुखणं लपवण्यात पटाईत. जंगलात जो प्राणी आजारी दिसतो तो आधी मरतो, म्हणून ते दाखवतच नाही. आणि आपल्या घरातल्या बायकांनाही आपण हेच शिकवलंय. दाखवायचं नाही.

पुढचे चौदा दिवस

टाके नव्यानं पडल्यामुळे मोजणी नव्यानं सुरू झाली. आजीनं ताबा घेतला. आईचा जुना ब्लाउज होता, त्याची बाही कापून तिनं सुकटला झबलं शिवलं. चार पायांना चार भोकं, शेपटीकडे मोकळं, म्हणजे शी-शूला अडचण नाही. कुशीतली जखम झाकली जाते. डॉक्टरांना फोटो दाखवला, त्या म्हणाल्या उत्तम, पण रोज काढून जखम बघायची आणि ओलं झालं तर लगेच बदलायचं. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून तीन झबली शिवली. कोन रात्री आणि घरात कुणी नसताना, झबलं आम्ही समोर असताना.

रोज एकाच वेळी, सकाळच्या उजेडात, आम्ही जखमेचा फोटो काढायचो. ही युक्ती फार कामाची आहे. रोज बघून फरक कळत नाही, पण कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवला की कळतो. सुरुवातीचे दोन-तीन दिवस थोडी लाली, थोडी सूज चालते. रोज कमी व्हायला हवी.

डॉक्टरांना लगेच फोन कधी करायचा, तेही सांगते. जखमेतून रक्त टपकत असेल, पू किंवा घाण वास येत असेल, फट पडली असेल, सूज वाढत असेल. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसत असतील. चोवीस तास काही खाल्लं नसेल किंवा लघवी केली नसेल. पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, किंवा श्वास जड लागत असेल. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर चरबी साठून ते जिवाशी खेळ होतो, म्हणून "खाईल उद्या" असं म्हणत बसायचं नाही.

बाकी नियम साधे. बाहेर सोडायचं नाही. उड्या नाहीत. आमच्याकडे कपाट हे सुकटचं सिंहासन आहे, तिथे जाणारं स्टूलच आजीनं माळ्यावर टाकलं. घरात बोका असेल तर वेगळा ठेवायचा. आणि बोक्याचं ऑपरेशन केलंत तर लक्षात ठेवा, त्याच्या शरीरात बीज काही आठवडे शिल्लक राहू शकतं, तेवढे दिवस त्याला माद्यांपासून लांब ठेवायचं.

अठराव्या दिवशी पाऊस उघडला होता. आम्ही पेणला गेलो, आजीपण आली. पेणला मूर्तींवर आता रंग चढले होते. डॉक्टरांनी टाके काढले, हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता बरी आहे." मी विचारलं, "नक्की ना?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आता खाणं आवरा." नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराला लागणारं खाणं कमी होतं, म्हणून मांजर गुबगुबीत होतं. पण त्याच्या बदल्यात गर्भाशयात पू होण्याचा आजार टळतो, आणि लवकर, पहिल्या माजाच्या आधी ऑपरेशन झालं तर स्तनाच्या गाठींचा धोकाही खूप कमी होतो.

खर्चाचं म्हणाल तर गावोगावी वेगळा असतो, आधी विचारून घ्या. भटक्या मांजरांसाठीही आता हे काम होतं. मुंबई महापालिकेनं २०१९ पासून ते सुरू केलंय. आपल्या नगरपालिकेत, जवळच्या प्राणीमित्रांकडे विचारा. विचारल्याशिवाय काही सुरू होत नाही.

येताना गाडीत सुकट ओरडत होती. पूर्ण रस्ताभर, पहिल्यासारखी. मला इतकं बरं वाटलं!

नागोठणं मागे पडल्यावर आजी हळूच म्हणाली, "माझ्याही टाक्यापाशी फुगतं गो कधी कधी. खोकले की." मी म्हटलं, "कधीपासून?" ती म्हणाली, "झाली की बरीच वर्षं." पुढच्या आठवड्यात मी तिला डॉक्टरांकडे नेलं. माणसांच्या. हर्निया निघाला, लहान आहे, उपाय आहे. त्याची तारीख आता ठरली आहे.

तेव्हा घरात पेपर परत साठवायला सुरुवात केली आहे, सवयीनं. या वेळी लागणार नाहीत. पण स्टूल माळ्यावरच राहणार आहे, कारण आजीला स्टुलावर चढून डबे काढायची खोड आहे. आणि चौथ्या दिवशी ती "मी बरी आहे" म्हणून उठेल, हे मला आत्ताच माहीत आहे. त्या दिवशी मी अंघोळीलासुद्धा जाणार नाही.

तर मंडळी, हा होता आजचा एपिसोड. तुमच्या मांजरीचं ऑपरेशन ठरलं असेल तर हा भाग घरातल्या सगळ्यांना ऐकवा, खास करून जो कोन काढणार आहे त्याला. आणि आज घरी गेल्यावर आजीला, आईला एकदा विचारा, तुझे टाके कुठे आहेत, आणि तेव्हा तुला किती दिवस सुट्टी मिळाली होती.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. सुकटकडून म्याव!